कोल्हापुरीच्या तळासाठी कॉर्क आणि बगॅस
कोल्हापुरी चपलेचा तळ कॉर्क (ओक जातीच्या एका झाडाची हलकी साल) आणि बगॅस (उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा) यांच्या मिश्रणातून करावा, ही सूचना आकर्षक असली, तरी खरा प्रश्न त्यांना बांधून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचा आहे. ते पॉलियुरेथेन (एक कृत्रिम प्लास्टिक) असेल, तर तळ मातीत सहज कुजणार नाही. नैसर्गिक रबराचा चीक त्यापेक्षा बरा. बगॅस पाणी शोषते, शिवाय आपल्याकडचे साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, त्यामुळे ते फुकट मिळेल असे समजू नये. कॉर्क तर मुख्यतः पोर्तुगालमधूनच आणावे लागेल (तेथे झाडाची साल ९ वर्षांतून एकदाच काढतात). कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवली जाते आणि दाबून केलेल्या कॉर्कला टाक्याजवळ चीर पडू शकते. म्हणून बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याच्या दोन थरांमध्ये कॉर्कचा पातळ थर घालून पाहणे मला अधिक व्यवहार्य वाटते.