मदत हवी आहे: काळा टूरमलीन की हॉर्नब्लेंड?

नमस्कार मंडळी. मामांनी राजस्थानातून आणलेला एक काळाकुळकुळीत खडा घरात आहे, अंगठ्याएवढा, न घासलेला. विक्रेत्याने 'काळा टूरमलीन' म्हणून दिला. बहिणीला त्यातला तुकडा कापून लॉकेट करायचंय. सराफ बाजारात दाखवला तर एक जण म्हणाले टूरमलीन, शेजारचे म्हणाले हॉर्नब्लेंड (तसंच दिसणारं साधं काळं खनिज), उगाच पैसे घालू नका.

घरी जमेल तेवढं बघितलं. खड्यावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा आहेत आणि तुटलेलं टोक फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखं दिसतं. हे टूरमलीनचंच लक्षण ना? वजन ४१ ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात लोंबकळवून २८. म्हणजे घनता ३.१५ च्या आसपास. पण हॉर्नब्लेंडही त्याच पट्ट्यात बसतं, घोडं तिथेच अडलंय. काचेवर ओरखडा उमटला, तोही काही निकाली पुरावा नाही. मोह्सच्या १ ते १० मापावर हॉर्नब्लेंडचा कठीणपणा ५ ते ६, टूरमलीनचा ७ ते ७.५, आणि गारगोटीचा ७, म्हणजे खरी परीक्षा गारगोटीवरच. घासून बघू का, की कडा उडेल? ठिसूळ असतो म्हणे.

टूरमलीन तापवला की टोकांवर विद्युतभार येऊन राख ओढतो, पण खडा तडकेल म्हणून तो प्रयोग करणार नाही. दागिना झाळतानाही हीच भीती. कारागिराला आधी काय सांगावं?

नाशिकमध्ये असे खडे कापून पॉलिश करणारं कोणी आहे का? सिन्नरच्या 'गारगोटी' या खनिजांच्या संग्रहालयात कोणाची ओळख असेल तर फारच छान. राशीचे उपाय कृपया नकोत, ते आमच्या काकू पुरवतात.