सीझन अर्ध्यावर असताना गाडीचं फिजिक्स बदललं, टीमने आता काय करायचं?

रात्रीचा_स्टिंट:
मंडळी, सल्ला हवाय. आमची टीम सिम रेसिंगच्या (कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन शर्यती) जीटी३ एन्ड्युरन्स लीगमध्ये आहे, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारपासून बनवलेल्या रेस गाड्या आणि लांब पल्ल्याच्या रेस, ८ रेसचा सीझन, त्यातल्या ४ झाल्या. नियम असा की सुरुवातीला टीमने एक गाडी निवडायची आणि शेवटपर्यंत तीच चालवायची. आम्ही मिड-इंजिनवाली घेतली, तिघांनी दोन महिने बसून सेटअप (टायर प्रेशर, सस्पेन्शन वगैरेंचे आकडे) बसवला, टेबलमध्ये दुसरे होतो. आणि चौथ्या रेसनंतर सिमचा अपडेट आला, टायर मॉडेल (टायर कसे वागतात त्याचं गणित) बदललं आणि काही गाड्यांचा एअरो (हवेच्या दाबाने मिळणारी पकड) पण. आता लांब कॉर्नरला ब्रेक सोडता सोडता गाडी मागून सुटते, टायरची जुनी प्रेशर चालतच नाहीत आणि दहाव्या लॅपपर्यंत मागचे टायर तापून गेलेले असतात. फ्रंट-इंजिनवाल्या टीम उलट आधीपेक्षा फास्ट झाल्यात. अ‍ॅडमिन म्हणतात अपडेट सगळ्यांना एकच आहे मग अन्याय कसला. अहो अपडेट एक आहे पण परिणाम एक नाही ना, आणि गाडी बदलायचा रस्ता तर तुमच्याच नियमाने बंद केलाय. गाडी बदलू द्या म्हणून अर्ज करावा का, की तो बाकीच्यांवर अन्याय होईल? टीममधला एक जण सोडायचं म्हणतोय, मला त्याचंच जास्त लागलंय.

पिवळा_झेंडा:
मी दोन लीग चालवल्यात म्हणून सांगतो, अर्जाआधी मोजून घ्या. एसीसीला (असेटो कॉर्सा कॉम्पेटिझिओने, जीटी३ चा सिम) २०२३ मध्ये १.९ अपडेट आलं तेव्हा आमच्याकडे हेच झालं होतं. त्याआधी गरम टायरचं प्रेशर सगळे साडेसत्तावीस पीएसआयच्या आसपास धरायचे, ते एकदम २६ ते २७ मध्ये आलं, आणि पहिला आठवडाभर लोक जुनीच सेटअप फाइल लावून गाडी गेली गाडी गेली करत होते. त्यातल्या निम्म्या गाड्यांना काही झालेलं नव्हतं. त्यामुळे जुनी फाइल बाजूला ठेवा, डिफॉल्टपासून सुरू करा. एकच ट्रॅक, तापमान फिक्स, फ्युएल सारखं, तिघांनी प्रत्येकी २० लॅप. पहिल्या दोन सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा, बेस्ट लॅप बघूच नका, एन्ड्युरन्समध्ये तिचा उपयोग नाही. मग तेच सगळं समोरच्या टीमच्या गाडीत करा. ही दुसरी पायरी लोक टाळतात आणि मग अ‍ॅडमिनसमोर हातात काहीच नसतं.

उशिरा_ब्रेक:
मी जरा विरुद्ध बोलतो, राग नको. खऱ्या रेसिंगमध्येही हे होतंच की. एफ१ मध्ये २०१३ ला सिल्व्हरस्टोनला धडाधड टायर फुटले, हॅमिल्टन, मासा, व्हर्न, पेरेझ सगळ्यांचे, आणि हंगेरीपासून पिरेलीने टायरची बांधणीच बदलली. फोर्स इंडिया टीमचे पहिल्या ८ रेसमध्ये ५९ पॉइंट होते, उरलेल्या ११ मध्ये मिळून फक्त १८. बदललेले टायर हे त्याचं मोठं कारण होतं. आणि वेटेलने बेल्जियमपासून पुढच्या सगळ्या ९ रेस मारल्या. कोणी आधीचे पॉइंट परत मोजले नाहीत. बदल झाला की जुळवून घेणं हेही ड्रायव्हरचंच काम आहे.

रात्रीचा_स्टिंट:
@उशिरा_ब्रेक दादा उदाहरण चांगलं आहे पण एक फरक आहे. एफ१ ची टीम स्वतःची गाडी स्वतः बनवते, टायर बदलले तर सस्पेन्शन बदलेल, नवीन फ्लोअर (गाडीचा तळ) आणेल, महिने लागतील पण हात तरी मोकळे असतात. आम्हाला गाडी सिम देतो, आमच्या हातात फक्त सेटअपचे आकडे. बाहेरून गाडी बदलणार आणि आम्ही बदलायची नाही, असं झालं ना हे.

उशिरा_ब्रेक:
हे मात्र बरोबर आहे, या बाजूने मी विचार केला नव्हता.

तीन_पेडल:
खऱ्या जीटी३ कडे बघा ना मग. तिथेही टीम सीझनमध्ये गाडी बदलत नाही, पण २००६ ला ही कॅटेगरी सुरू झाली तेव्हापासून बीओपी (बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स) आहे, वजन, रिस्ट्रिक्टर (इंजिनची हवा आणि ताकद कमी करणारा), राइड हाइट (गाडीची जमिनीपासून उंची) यांनी गाड्यांचा वेग जवळ आणतात आणि गरज पडली की परत हलवतात. तेव्हा गाडी बदलण्यापेक्षा बीओपी मागा. एसीसीच्या सर्व्हरला एन्ट्री लिस्टमध्येच प्रत्येक गाडीला बॅलास्ट (जादा वजन) आणि रिस्ट्रिक्टर टाकता येतो, तुमच्या सिममध्ये काय आहे ते बघून घ्या. फक्त तुमचा लॉस टायर तापण्यातून येतोय, तो रिस्ट्रिक्टरने भरणार नाही, सरळ रस्त्यावर गाड्या जवळ येतील आणि कॉर्नरला तुम्ही तसेच मार खाल. त्यापेक्षा फास्ट झालेल्या गाड्यांना थोडा बॅलास्ट, म्हणजे त्यांच्याही टायरवर भार पडेल. आणि टीमच्या साइजचा मुद्दा कोणी काढलाच नाही. ज्यांच्याकडे आठ ड्रायव्हर आणि टेलिमेट्री (गाडीने नोंदवलेला डेटा) वाचणारा वेगळा माणूस आहे ते नवीन टायर चार दिवसांत समजून घेतात, नोकरी करून रात्री दोन तास चालवणाऱ्या तिघांना तीन आठवडे लागतात. अपडेटनंतरची पहिली रेस दोन आठवडे पुढे ढकला, हे मागायला कोणाचीच हरकत नसावी.

रात्रीचा_स्टिंट:
तीन रात्री बसून मोजलं. जुन्या फाइलवर आम्ही लॅपला ९ दशांश हरत होतो. डिफॉल्टपासून परत बांधल्यावर त्यातले ६ परत आले, म्हणजे @पिवळा_झेंडा यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं निघालं. राहिलेले ३ मात्र जात नाहीत, आणि ते सगळे स्टिंटच्या (न थांबता चालवलेल्या लॅपच्या) दुसऱ्या अर्ध्यात जातात, पहिले आठ-नऊ लॅप आम्ही बरोबरीत असतो. समोरच्या गाडीत आम्हीच तिघं डिफॉल्ट सेटअपवर २० लॅप एकसारख्या वेळेत चालवतो. आज अ‍ॅडमिनना सगळ्या लॅपची शीट पाठवली, गाडी बदलून मागितली नाही, बॅलास्टची चाचणी आणि दोन आठवडे मागितलेत. सोडतो म्हणणारा मित्र शीट भरायला रात्री दोनपर्यंत बसला होता.

पिवळा_झेंडा:
छान केलंत. ते ३ दशांश शोधताना डिफ प्रीलोड (मागची दोन्ही चाकं एकमेकांशी किती बांधलेली राहतात त्याचा आकडा) थोडा वाढवून बघा, ब्रेक सोडताना मागून सुटणं कमी झालं तर टायर घसरून तापणंही कमी होईल. आणि अ‍ॅडमिनना एक सांगा, बॅलास्टची चाचणी तुमच्या टीमने करू नये, त्या गाडीत रोज बसणाऱ्या टीमसमोर करा, नाहीतर पुढचा अर्ज त्यांचा येईल.