प्रति: माकडं बघायला पदवी कशाला?

वर एकांनी लिहिलंय की माकडं कुणीही बघू शकतं, त्यांच्या वर्तनाचा अभ्यास करायला विद्यापीठ कशाला? मला वाटतं, बघणंच तर शिकावं लागतं. टोळीसमोर उभं राहिलं की डोळा आपसूक भांडणाकडे धावतो आणि बाजूला शांतपणे दुसरीच्या उवा काढत बसलेली मादी वहीत येतच नाही. माकडांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणातला हा पक्षपात नीट उलगडून दाखवला. उपाय सांगायला सोपा आहे: आधीच ठरवलेलं एक जनावर, ठरलेली मिनिटं, आणि ते नुसतं बसून राहिलं तरी त्याचीही नोंद. करताना मात्र कस लागतो.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. क्योतो विद्यापीठाच्या युकिमारू सुगियामांना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळच्या लंगुरांमध्ये दिसलं की नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा पिल्लं मारली जातात. अनेकांनी ही विकृती ठरवली. मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या लंगुरांच्या अभ्यासावरून वेगळं मांडलं: पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची पिल्लं लवकर होऊ शकतात, म्हणजे फायदा त्याचाच. वाद वर्षानुवर्षं चालला, कारण मारलेलं पिल्लू त्याच नराचं असेल तर हा फायदा उरत नाही, आणि पिल्लाचा बाप कोण हे नजरेनं कळत नाही. अखेर १९९९ मध्ये नेपाळच्या रामनगरमधल्या लंगुरांच्या डीएनए तपासणीतून दिसलं, की मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

म्हणून माकडांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांनी संख्याशास्त्र आणि जनुकशास्त्राचे पेपर अजिबात टाळू नयेत.