वाऱ्याच्या हलत्या नकाशातील रेषा नेमके काय दाखवतात?

प्रश्न (भूगोल शिक्षक, रत्नागिरी जिल्हा)

मी नववीला भूगोल शिकवतो. गेल्या आठवड्यात कॅमेरॉन बेकारिओ यांचा ‘अर्थ’ हा संकेतस्थळावरील पृथ्वीगोल वर्गात पडद्यावर दाखवला. मोसमी वारे सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळून कोकणाकडे येताना पाहून मुले हरखून गेली. तेव्हा एका मुलीने विचारले, की पडद्यावर सरकणारी ही एक रेष म्हणजे सोमालियाहून निघून आता आपल्याकडे पोहोचणारा एकच वारा आहे का? त्याच वेळी नकाशा आमच्या गावी ताशी २५ किलोमीटर वेग दाखवत होता आणि पटांगणातल्या आंब्याचे पानही हलत नव्हते. तिला चुकीचे सांगायचे नाही, म्हणून विचारतो: यात मोजलेले किती, गणिताने काढलेले किती आणि चित्र म्हणून रेखाटलेले किती?

उत्तर १

या नकाशामागे अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे जीएफएस हे हवामानाचा अंदाज गणिताने काढणारे संगणकीय प्रारूप आहे. उपग्रह, विमाने, जहाजे, फुगे आणि जमिनीवरील केंद्रे यांच्या नोंदी घेऊन ते दर सहा तासांनी नव्याने चालवले जाते आणि पृथ्वीवर कल्पिलेल्या जाळीच्या प्रत्येक गाठीवर वाऱ्याचा वेग व दिशा देते. त्याच्या माहितीची नेहमी वापरली जाणारी बारीक जाळी ०.२५ अंशांची, म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किलोमीटरची असते. कोकणात एवढ्या अंतरात किनारा, खाडी, सडा (कातळाचे पठार) आणि डोंगर सगळेच येऊन जाते. प्रारूपाला मात्र तिथे सरासरी काढलेली उंचीच दिसते. शिवाय भूपृष्ठाचा म्हणून दाखवलेला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. तुमचे पटांगण डोंगराच्या किंवा झाडीच्या आडोशाला असेल, तर तिथली शांतता त्याला कळणारच नाही.

रेषांविषयीची शंका मला अधिक मोलाची वाटते. संगणक पडद्यावर हजारो कण कुठेही टाकतो, प्रत्येक कणाखालचा वेग भोवतालच्या चार गाठींवरून काढतो, कणाला थोडे पुढे सरकवून मागे पुसट होत जाणारा माग ठेवतो आणि काही क्षणांनी त्याला मिटवून दुसरीकडे नवा कण टाकतो. हे सगळे चालू असताना खालचा वारा एकाच वेळेचा, गोठवलेला असतो. खरी हवा सोमालियाच्या किनाऱ्यावरून ताशी ५० किलोमीटर वेगाने निघाली, तरी तिला कोकणात यायला दोन दिवसांहून अधिक लागतील आणि तोवर वाटेतला वारा बदललेला असेल. म्हणून त्या मुलीला सांगा, की ही रेष त्या एका वेळी ठिकठिकाणी वारा कोणत्या दिशेने वाहत होता हे जोडून दाखवते. तिला प्रवाहरेषा म्हणतात. हवेची प्रत्यक्ष वाट वेगळी असू शकते.

उत्तर २

वरील उत्तराला कलेच्या बाजूने पुस्ती जोडतो. फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग यांनी २०१२ साली केवळ अमेरिकेचे वारे दाखवणारा ‘विंड मॅप’ केला. त्यापासून स्फूर्ती घेऊन बेकारिओ यांनी २०१३ मध्ये पृथ्वीगोल उभा केला. ‘विंड मॅप’ आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्याच्या कर्त्यांनीच पानावर लिहून ठेवले होते, की याच्या भरवशावर विमान चालवू नका, नाव हाकू नका आणि वणवा विझवायला जाऊ नका. कलाकृतीने स्वतःची मर्यादा इतक्या उघडपणे सांगावी, हे मला फार आवडते.

मुलांना खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांचा वाऱ्यांचा १६८६ चा नकाशाही दाखवावा. त्यात बारीक फटकारे आहेत आणि त्यांचे निमुळते टोक वारा जिकडून येतो त्या दिशेला आहे. मोसमी वाऱ्यांच्या समुद्रात मात्र फटकाऱ्यांच्या ओळी एकाआड एक उलटसुलट काढल्या आहेत, कारण तिथे वारा ऋतूनुसार फिरतो. वर्षभराची उलथापालथ त्यांनी न हलणाऱ्या कागदावर मांडली. आपल्या हलत्या पडद्यावर एका वेळी एकच क्षण दिसतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हॅलींच्या रीतीने अरबी समुद्राच्या कोऱ्या नकाशावर जुलै आणि जानेवारीचे फटकारे मुलांकडून काढून घेईन. मोसमी प्रवाह सर्वांत ठळक दिसण्यासाठी गोलावर कोणती उंची निवडावी?

उत्तर १

८५० हेक्टोपास्कल निवडा; गोलावर उंची हवेच्या दाबाच्या या एककात दिलेली असते. ती पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटरवर असते. जुलैमध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून अरबी समुद्रावर येणारा वेगवान झोत तिथे स्पष्ट दिसतो. नकाशावर टिचकी मारल्यावर येणारा अंशांचा आकडा वारा जिकडून येतो ती दिशा सांगतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. हॅलींच्या निमुळत्या टोकाशी तो जुळतो.