डबा एक वेळेचा केला, आता कॉलेजच सोडतो म्हणतोय. कुणाला भेटू?

आनंदवल्लीची डबेवाली

नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोडवर आनंदवल्लीत चौदा वर्षांपासून कॉलेजच्या मुलांचे डबे करते. आत्ता बेचाळीस डबे आहेत. त्यातल्या एका मुलासाठी विचारते आहे.

सुरगाणा तालुक्यातला आहे, कोकणा या आदिवासी समाजाचा. एस.वाय. बीएस्सीला, केमिस्ट्री घ्यायची म्हणतो. मागच्या वर्षी दोन्ही वेळचा डबा होता. गणपतीनंतर एक वेळेचा केला, म्हणाला, मावशी, संध्याकाळी भूक लागत नाही. मी काही बोलले नाही. पण डबे मी स्वतः घासते, त्यामुळे मला कळतं. पूर्वी हा कारल्याची भाजी हमखास ठेवायचा. आता कारल्याचा डबासुद्धा बोटानं पुसून घेतल्यासारखा परत येतो. सोमवारी डबा न्यायला आला तेव्हा माझ्यासमोरच चार पोळ्यांतल्या दोन कागदात गुंडाळून सॅकमध्ये ठेवल्या. रात्रीसाठी.

त्या दिवशी मी त्याला आत बसवला. मग थोडंथोडं बोलला. हॉस्टेलच्या यादीत नाव आलं नाही. तिघांत मिळून खोली आहे, भाडं दोन महिन्यांचं थकलंय. मागच्या वर्षीची शिष्यवृत्ती खात्यात आलीच नाही. कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं, आधी राहिलेली फी भर, मग परीक्षेचा फॉर्म. आईवडील दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला आलेत, तर हा म्हणतो, टीसी काढतो आणि मीपण छाटणीला जातो, चार पैसे तरी येतील. पंधरा दिवस झाले, तासालाही जात नाही.

डब्याचे पैसे मी त्याच्याकडे मागणार नाही, तो प्रश्न नाही. पण पोरगं हुशार आहे. अशा मुलांसाठी सरकारचं, विद्यापीठाचं काही तरी असेलच ना? मी सातवी शिकलेली. कुणाच्या टेबलासमोर जाऊन उभं राहायचं, एवढं सांगा.

निवृत्त लिपिक, शिष्यवृत्ती विभाग

ताई, सगळ्यात आधी एकच करा. त्याला टीसी काढू देऊ नका. बावीस वर्षं मी एका कॉलेजात याच टेबलावर बसलो. मुलं पैशाच्या अडचणीनं टीसी काढतात, आणि टीसी निघाली की ज्या पैशासाठी अडलं होतं तो मिळायचा मार्गही बंद होतो, कारण शिष्यवृत्ती, वसतिगृह, भत्ता सगळं 'प्रवेशित विद्यार्थी' या दोन शब्दांवर उभं आहे.

आता शिष्यवृत्तीचं. 'आली नाही' याचे माझ्या अनुभवात दोनच अर्थ निघतात. एक, महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, त्याचा अर्ज त्रुटी काढून परत पाठवलाय आणि त्याला पत्ताच नाही, कारण अर्जातला मोबाइल नंबर बंद झालाय. त्याला लॉगिन करून अर्जाची स्थिती बघू द्या. दुसरं, पैसे आलेत पण भलत्याच खात्यात. महाडीबीटीचा पैसा अर्जासोबत जोडलेल्या पासबुकावर जात नाही, आधारशी शेवटी जे खातं सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं, त्यावर जातो. मुलांची दहावी-बारावीत कुठल्या तरी योजनेसाठी गावात खाती काढलेली असतात, ती ती विसरून जातात. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून आहे, ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, तरी वर्ष-वर्ष कुणी बघत नाही. मी अशा किती मुलांना त्याच दिवशी बँकेत पाठवलंय.

परीक्षेच्या फॉर्मचं: शिष्यवृत्ती आली नाही म्हणून मागासवर्गीय विद्यार्थ्याचा परीक्षेचा फॉर्म अडवू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तोंडी भांडू नका. प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज, दोन प्रती, एका प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घ्यायचा. शिक्का पडला की काम हलतं. तरीही नाही हललं तर कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनी ती प्रत्येक ठिकाणी सक्तीची आहे, आणि तिनं पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल.

पेठची लेक

मावशी, मी पेठ तालुक्यातली. मलाही हॉस्टेल मिळालं नव्हतं. हॉस्टेल न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठीच 'पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना' आहे. मी घेतली तेव्हा नाशिकसाठी वर्षाला ५१,००० होते: जेवणाचे २८,०००, खोलीचे १५,०००, निर्वाहाचे ८,०००. एकदम येत नाहीत, हप्त्यांनी येतात, पहिला हप्ता उशिरा येतो. तोपर्यंत तग धरावा लागतो, हे त्याला आधीच सांगा, नाही तर पुन्हा खचेल.

कुठे जायचं: गडकरी चौकात आदिवासी विकास भवन आहे. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, उतरून चालत जाता येतं. सगळ्या राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालयच तिथे आहे, म्हणजे आपल्या दारात आहे. तिथे आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय विचारा. तो सुरगाण्याचा, म्हणजे गाव कळवण प्रकल्पात येतं, पण कॉलेज नाशिकला आहे. खिडकीवर दोन्ही सांगा, नाही तर इकडून तिकडे पाठवतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, मागची मार्कशीट, हजेरीचं प्रमाणपत्र, खोलीचा करारनामा किंवा घरमालकाचं पत्र. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. हजेरीवर अडतं, म्हणून उद्यापासून त्याला तासाला बसवाच.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही लिहिते, कारण प्रत्येक जण आमच्यातला नसतो. अनुसूचित जातीच्या मुलांना अशीच स्वाधार योजना आहे, ती नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात. ओबीसी, भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना. मराठा आणि खुल्या गटातल्यांना राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, ते महाडीबीटीवर.

आणि 'कमवा आणि शिका'. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं पुणे विद्यापीठाची योजना आहे, नाशिकच्या कॉलेजांतही चालते. मी दोन वर्षं लायब्ररीत पुस्तकांना नंबर घालायचं काम केलं. पैसे फार नसतात. पण डब्याचे सुटायचे, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून जे सर असतात ते आपल्याला नावानं ओळखायला लागतात. मला स्वयम् योजनेचं त्यांनीच सांगितलं होतं.

निफाडकर

एवढ्या चकरा मारण्यापेक्षा मुक्त विद्यापीठात नाव टाकावं. आपल्या नाशकातच आहे, काम करून शिकता येईल.

निवृत्त लिपिक, शिष्यवृत्ती विभाग

निफाडकर, मुक्त विद्यापीठाबद्दल मला आदर आहे, १९८९ पासून त्यानं शेतावरच्या, कारखान्यातल्या लोकांना पदव्या दिल्या. पण हा मुलगा केमिस्ट्री करतोय, त्याला रोज प्रयोगशाळा हवी. आणि त्याचं शिकणं अडलेलं नाही, त्याचे पैसे अडलेत. आधी ते सोडवू.

सिव्हिलमध्ये काम करणारी

मला पैशांपेक्षा 'पंधरा दिवस तासाला जात नाही' हे वाचून काळजी वाटली. मावशी, त्याला झोप लागते का, एकटाच पडून असतो का, हे बघा. 'मी कशाला आहे' असं काही बोलला तर थांबू नका, स्पष्ट विचारा, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट पोराला सुटल्यासारखं होतं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. समोर बसून बोलायचं असेल तर त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. एकट्याला पाठवू नका, सोबत जा. ओळीत उभं राहायला सोबत असली की मुलं परत फिरत नाहीत.

आनंदवल्लीची डबेवाली

सगळ्यांना हात जोडते. आठ दिवस लिहिता आलं नाही, दुपारचे डबे पोचवून रोज त्याच्यासोबत जात होते.

आधी काकांनी सांगितलं तसं माझ्या मुलीच्या मोबाइलवर आधारचं बघितलं. बँकेचं नाव आलं ते वेगळंच. बराच वेळ आठवेना. मग म्हणाला, बारावीत असताना गावात एक जण मशीन घेऊन आला होता, अंगठा लावून खाती काढली होती. पासबुक आईच्या पेटीत. आईला फोन लावला, ती छाटणीवरून बोलत होती, मागे कात्र्यांचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. पैसे होते. मागच्या वर्षीचा हप्ता फेब्रुवारीतच पडलेला. पोरगं बँकेच्या बाहेर पायरीवर बसलं आणि रडलं. मीपण बसले त्याच्याजवळ.

खोलीचं भाडं दिलं. प्राचार्यांना अर्ज दिला, शिक्का मारून घेतला, चौथ्या दिवशी परीक्षेचा फॉर्म भरून घेतला त्यांनी. कमवा-शिकाच्या सरांनी नाव लिहून घेतलंय, जागा झाली की बोलावतो म्हणाले. सिव्हिलवाल्या ताई, तुम्ही सांगितलेलं मी विचारलं. आधी गप्प बसला, मग म्हणाला, मावशी, दोन-तीनदा आलं होतं मनात. १४४१६ ला माझ्यासमोरच बोलला, वीसेक मिनिटं, मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. गुरुवारी सिव्हिलला न्यायचं ठरलंय.

आता स्वयम् योजनेचं अडलंय. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा आहे, खिडकीवर चालणार नाही म्हणाले. त्यासाठी सुरगाण्याला जावं लागेल का? दोन दिवसांची हजेरी जाईल.

पेठची लेक

जायची गरज नाही मावशी. दाखला सुरगाणा तहसीलचाच लागतो, पण अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर नाशकातूनही भरता येतो. फक्त तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल जोडावा लागतो, तो गावातल्या कुणाला तरी आणायला सांगा आणि फोटो मागवा. दाखला आला की त्यावरची मुदत बघा, ती साधारण ३१ मार्चला संपते, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा काढायचा. गुरुवारी दुपारनंतर मी गडकरी चौकातच असते. सिव्हिल झालं की तिकडे या, मी खिडकीवर थांबते.