टोकियोत १४व्या मजल्यावर हादरा बसला, सासूबाई आता वर चढायला तयार नाहीत

कराडची_सून

परवा पहाटे पावणेपाचला टोकियोत भूकंप अनुभवला. आम्ही उएनोजवळच्या हॉटेलात १४व्या मजल्यावर: मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई. मला आधी वाटलं धाकटा पलंगावर उड्या मारतोय, पण तो घोरत होता. कपाटातले रिकामे हँगर टकटक एकमेकांवर आपटत होते आणि पडदा भिंतीपासून सुटून परत येत होता.

सासूबाईंचं माहेर पाटणकडचं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. "हादरा! भाईर पळा!" म्हणत धाकट्याला उचललं आणि अनवाणी जिन्याला लागल्या. नवव्या मजल्यावर नवऱ्यानं पोराला घेतलं, नाहीतर खालपर्यंत त्यांनीच नेला असता. लॉबीत पोचलो तर काउंटरवरचा मुलगा कागद लावत बसलेला. त्यानं वाकून नमस्कार केला आणि पाच जोड सपाता आणून ठेवल्या. दुसरं एकही चिटपाखरू खाली आलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही पळालो ते चुकलं का? जपानात आधी फोन वाजतो म्हणतात, आमचा का नाही वाजला? आणि टीव्हीवर ३ दाखवत होते, नवऱ्याच्या अ‍ॅपवर ५.१, मग खरं कुठलं? अजून चार रात्री काढायच्यात. सासूबाई म्हणतात, वरच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. काल त्या खरंच लॉबीतल्या सोफ्यावर झोपल्या.

बारा_वर्षं_टोकियोत

ताई, लाज कसली! पहिल्या वर्षी मी बनियनवर रस्त्यात उभा होतो, जानेवारीत.

दोन्ही आकडे खरे. ५.१ ही भूकंपाची स्वतःची ताकद, मॅग्निट्यूड. ३ म्हणजे 'शिंदो', तुम्ही होता तिथं किती हाललं ते. सुतळी बॉम्ब एकच असतो, पण दारात फुटला तर कानठळ्या बसतात आणि चार गल्ल्या सोडून फुटला तर नुसतं फुस्स. शिंदो ० ते ७ पर्यंत जातो, त्यात ५ आणि ६ चे कमी-जास्त असे दोन-दोन भाग. ३ ला घरातल्या बहुतेकांना कळतं, फडताळातल्या बश्या वाजतात. फोन बोंबलतो तो मुख्यतः अंदाज 'पाच-कमी' किंवा त्याहून वर गेला तर. तोही काही सेकंदच आधी, कारण हलकी लाट पुढे येते, तिला पकडून मागून येणाऱ्या दांडग्या लाटेची वर्दी देतात. केंद्र अगदी जवळ असेल तर तेवढेही सेकंद मिळत नाहीत.

धक्का बसला की इथं लोक टीव्ही लावतात. 'त्सुनामि नो शिंपाइ वा आरिमासेन', म्हणजे त्सुनामीची काळजी नाही, अशी ओळ आली की कूस बदलून झोपतात. समुद्रकाठी जोरात हाललं तर मात्र ओळीबिळीची वाट बघू नका, उंचावर चढा.

खडी_वाळू_सिमेंट

पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. सासूबाई चुकल्या असं मी म्हणणार नाही. दगड-मातीच्या घरात, दार दोन पावलांवर असताना बाहेर पळणं हेच शहाणपण होतं. १४व्या मजल्यावर तो हिशेब उलटा होतो. जपानात १९८१ साली भूकंपाचे बांधकाम-नियम कडक झाले. त्यानंतरच्या उंच इमारती डोलतात, आणि डोलणं म्हणजे मोडणं नव्हे. वरच्या मजल्यावर झोका मोठा वाटतो इतकंच. हालत असताना जिन्यात तोल जातो आणि बाहेर काचा, टाइल्स डोक्यावर येतात. त्यापेक्षा टेबलाखाली डोकं सांभाळून बसा, थांबल्यावर दार उघडून ठेवा. लिफ्ट टाळलीत ते उत्तम केलंत. खालची खोली घेतल्यानं जास्त सुरक्षित व्हाल असं नाही, उगाच पैसे घालवू नका.

मांजराकाठ

इंजिनिअरसाहेब, हिशेब समजला म्हणून झोप येत नसते. किल्लारीच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३ ला, लोक विसर्जन करून येऊन झोपले होते. पहाटे चारच्या आत सगळं खाली. आम्हाला पक्की खोली बांधूनही बरीच वर्षं झाली, पण आई अजून पत्र्याखाली झोपते, स्लॅबखाली फ्रीज राहतो. आम्ही वाद घालणं सोडून दिलं. ताई, खोली बदला. सहलीला आलाय ना?

कराडची_सून

बदलली. तिसरा मजला. खिडकीतून शेजारची भिंत दिसते आणि वर पैसे भरले ते वेगळे, साहेब माफ करा. पलंगाशेजारी भिंतीला टॉर्च अडकवलेला सापडला, खेचला की आपोआप पेटतो. सासूबाईंनी तो उशीखाली घेतलाय, बूट पायथ्याशी. त्यांना 'डोलणं म्हणजे मोडणं नव्हे' वाचून दाखवलं. त्यांचं दुखणं निराळंच निघालं. म्हणाल्या, "आमच्याकडं आदी गडगडतंय, मग हालतंय. हितं काय आवाज न्हाई, काय न्हाई. आसला मुका भूकंप मी बगितला न्हाई बाई."

टीव्हीवरची ओळ मात्र त्यांना आवडली. फक्त 'शिंपाइ' त्यांच्या तोंडी बसत नाही. आज सकाळी काउंटरवरच्या त्याच मुलाला मराठीत विचारत होत्या, "काय रं बाळा, आज शिंपी न्हाई ना?" त्यानं वाकून नमस्कार केला.