सॅरिडॉन-व्हासोग्रेन रोजच्या झाल्यात: एकदम बंद करायच्या की हळूहळू?

सांजवात

आईसाठी विचारतेय. वय 52, वजन 56 किलो. अर्धशिशी जुनीच, पण पूर्वी महिन्यातून दोन-तीनदा यायची. आता वर्षभर डोकं जवळजवळ रोज दुखतं, आणि बहुतेकदा जाग येते तीच दुखत्या डोक्याने.

सध्या चाललेलं असं: सकाळी चहाबरोबर एक सॅरिडॉन, बरं नाही वाटलं तर संध्याकाळी दुसरी. महिन्यातून सात-आठ वेळा जोरात उठलं की व्हासोग्रेन. मधूनच कॉम्बिफ्लाम. "पित्ताचं डोकं आहे" म्हणून पॅन-डी. बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड 12.5 ची एकत्र गोळी. चष्म्याचा नंबर तपासला, बदललेला नाही.

हे गोळ्यांनीच वाढलेलं दुखणं असेल का? असेल तर एकदम बंद करायच्या की कमी करत आणायच्या? आणि मधल्या काळात दुखलं तर द्यायचं काय?

अर्धी_गोळी

गोळ्या मोजू नका, गोळीचे दिवस मोजा. दिवसात एक घेतली काय नि तीन घेतल्या काय, दिवस एकच धरायचा.

निकष असा: महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ औषध मर्यादेच्या वर चाललंय. नुसतं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन असेल तर ही मर्यादा महिन्याला 15 दिवस. दोन-तीन वेदनाशामकं मिसळलेली गोळी, एर्गोटामिन (व्हासोग्रेनमधलं), ट्रिप्टान (अर्धशिशीची खास औषधं, उदा. सुमाट्रिप्टान), ट्रामाडॉल, कोडीन (अफूच्या जातीची वेदनाशामकं) यांपैकी काही असेल तर फक्त 10. सॅरिडॉन मिश्र गोळी आहे, म्हणजे आईला 10 चा आकडा लागू. तो त्यांनी केव्हाच ओलांडलाय.

पहाटे दुखत उठणं यात बसतं, कारण रात्रभरात औषध उतरलेलं असतं. आणि हा प्रकार ज्यांना मुळात अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी आहे त्यांनाच होतो. गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेणाऱ्याला सहसा होत नाही.

मात्र पन्नाशीनंतर डोकेदुखीची तऱ्हा बदलली की आधी डॉक्टरांना दाखवायचंच. घास चावताना जबडा दुखतो का, कानशिलाला हात लावला की हुळहुळतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारा. यातलं काही असेल तर त्याच दिवशी जा. कानशिलाच्या रोहिणीला सूज असू शकते आणि त्यात दृष्टी जाते. ईएसआर आणि सीआरपी या साध्या रक्ततपासण्या आहेत. अचानक एका मिनिटात कळस गाठणारं दुखणं, तापाबरोबर मान ताठणं, हात-पाय किंवा बोलणं लुळं पडणं असेल तर ओपीडीची वाट पाहू नका, थेट कॅज्युअल्टी.

कालनिर्णय भिंतीवर असेलच. दुधाच्या हिशेबाच्या बाजूला गोळीच्या दिवशी फुली आणि औषधाचं पहिलं अक्षर, दुखलं पण गोळी नाही घेतली तर टिंब. डॉक्टरांकडे ते पान फाडून न्या. जाडजूड फाइलपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

काउंटरच्या_आतून

पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचली तर अर्धं उत्तर तिथेच आहे.

सॅरिडॉन: प्रोपीफेनाझोन 150 मिग्रॅ, पॅरासिटामॉल 250, कॅफीन 50. व्हासोग्रेन: एर्गोटामिन 1, कॅफीन 100, पॅरासिटामॉल 250, प्रोक्लोरपेराझिन 2.5. कॉम्बिफ्लाम: आयबुप्रोफेन 400, पॅरासिटामॉल 325.

सगळ्यात आधी थांबवायची ती व्हासोग्रेन. एर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे बीपी किंवा हृदयविकार असलेल्यांना ते वर्ज्य. बोटं गार पडणं, मुंग्या येणं ही सुरुवातीची खूण. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबरोबर गेलं तर प्रकरण बोटं काळी पडण्यापर्यंत जाऊ शकतं. वर प्रोक्लोरपेराझिन (मळमळीवरचं औषध) वारंवार पोटात गेलं की हात थरथरणं, अंग ताठणं, एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थता. तेव्हा घरचे म्हणतात, वयानुसार होतंय. ही चिठ्ठीवरची गोळी आहे, तरी "एक स्ट्रिप द्या" म्हटल्यावर बऱ्याच दुकानांत मिळते. मिळायला नको.

दुसरी कॉम्बिफ्लाम. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि त्यावर आयबुप्रोफेन ही तिकडी मूत्रपिंडाला घातक. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तेव्हा तर नकोच. शिवाय आयबुप्रोफेनने बीपीही वाढतं.

पॅरासिटामॉल नकळत किती जातंय तेही बघा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते असतंच. 56 किलोच्या, यकृत ठीक असलेल्या बाईला एका वेळी 500 ते 1000 मिग्रॅ, मध्ये किमान सहा तास, दिवसाला 3 ग्रॅमच्या आत ठेवा. 1000 म्हणजे पाचशेच्या दोन. डोलोच्या दोन घेतल्या तर 1300 होतात.

कपाळावर_आठी

आता बंद करण्याचं. काउंटरवाल्यांशी सहमत, फक्त क्रम लावत बसायची गरज नाही. सॅरिडॉन, व्हासोग्रेन, कॉम्बिफ्लाम तिन्ही एकाच दिवशी बंद. "आठवड्याला एक कमी करू" म्हटलं की दुखणं लांबतं आणि एखाद्या वाईट दिवशी पुन्हा दोनावर येतं. हळूहळू उतरवायची ती ट्रामाडॉल-कोडीनसारखी औषधं आणि झोपेच्या गोळ्या. त्या आईच्या यादीत नाहीत.

पुढे काय होतं ते आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी "बघ, गोळीशिवाय जमत नाही" म्हणतील. दुखणं आधी वाढतं. मळमळ, झोप उडणं, चिडचिड. ट्रिप्टान सोडलं तर साधारण चार दिवस, एर्गोटामिनला आठवडा, साध्या वेदनाशामकांना नऊ-दहा दिवस. त्यानंतर उतार. खरा फरक दिसायला दोन महिने धरा. लग्नघर, गणपती, प्रवास असा आठवडा निवडू नका.

कॅफीनचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन सॅरिडॉन म्हणजे 100 मिग्रॅ कॅफीन, व्हासोग्रेनच्या दिवशी 200. ते तुटलं की 12 ते 24 तासांत त्याचंच डोकं उठतं. म्हणून त्याच आठवड्यात चहा सोडायचा नाही आणि वाढवायचाही नाही. नेहमीचे कप, नेहमीच्या वेळा.

मधल्या काळात दुखलं तर पॅरासिटामॉल 1000, आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस. पॅन-डी घेत असतील तर मळमळीसाठी वेगळी डॉमपेरिडॉन देऊ नका, तिच्यात ती 30 मिग्रॅ आहेच. नॅप्रोक्सेन (आयबुप्रोफेनच्याच जातीचं) काही जणांना या काळात देतात, पण टेल्मिसार्टनच्या गोळीबरोबर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) न बघता नाही. सुमाट्रिप्टान बीपी ताब्यात असेल आणि हृदय ठीक असेल तरच, चिठ्ठीवर.

याच भेटीत प्रतिबंधक गोळीचं विचारा. ती दुखल्यावर नाही, रोज घ्यायची असते. रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ, किंवा दमा नसेल तर प्रोप्रॅनोलॉल. बीपी आहे म्हणून टेल्मिसार्टनच्या जागी कँडेसार्टन बसतं का हेही विचारण्यासारखं. ते बीपी आणि अर्धशिशी दोन्हींवर चालतं. स्वतःहून बदलू नका.

सांजवात

मनापासून आभार. वाईट बोटं गार पडण्याचं वाटलं, ती तक्रार आहे तिची, थंडीमुळे असेल म्हणून सोडून दिली होती. आणखी एक: उलटी झाली की डोकं थांबतं, म्हणून ती ठाम आहे की हे पित्तच. चतुर्थीला तर हमखास उठतं.

अर्धी_गोळी

बोटांचं याच आठवड्यात दाखवा, आणि व्हासोग्रेन आजपासून नाही.

मळमळ-उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे, तिचं कारण नाही. हल्ला सुरू झाला की जठर मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि "आता गोळी लागू पडत नाही" असं वाटतं. पॅन-डीने बरं वाटतं त्याचं श्रेयही बरंचसं डॉमपेरिडॉनचं. म्हणून ठरलेल्या दोन दिवसांतली गोळी दुखणं बारीक असतानाच द्या. सोड्यासारखी पाण्यात विरघळणारी मिळाली तर आणखी बरं.

चतुर्थीचं कारण उपाशी पोट. चंद्रोदयापर्यंत काहीच नाही, वर पाणी कमी. उपास सोडायला सांगणार नाही, त्या ऐकायच्या नाहीत. पण सकाळी दूध-राजगिरा, दुपारी वरई किंवा दाण्याची आमटी, आणि दर तीन तासांनी थोडं काहीतरी. नुसत्या चहावर दिवस काढू देऊ नका.